उसाच्या कांडीवरची कोळंबी

चाळीस वर्षांच्या संसारात धोंडुबाईंनी जेवताना "आणि एक द्या" असं कधी म्हटलं नव्हतं, आणि ही गोष्ट गणपतरावांच्या लक्षात आली ती थेट व्हिएतनाममध्ये. काही माणसांना घरातलं घरात दिसत नाही. त्यांना विमानात घालून परमुलखात न्यावं लागतं, मग दिसतं. गणपतराव त्यातले.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत ते पस्तीस वर्षं पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा जो भाग ओतायचा त्याचा आधी लाकडात हुबेहूब नमुना करायचा, हे त्यांचं काम. तिथं केसभर चूक चालत नसे. हाताचा असा नेमका माणूस तोंडाचा मात्र भलताच सैल. हात एक काम संपवायच्या आत तोंडानं पुढच्या चार कामांची दवंडी पिटलेली असायची. मे महिन्यात ते निवृत्त झाले आणि नोव्हेंबरात मंगळवार पेठेतल्या बत्तीस जणांच्या सहलीबरोबर सपत्नीक व्हिएतनामला निघाले. कोल्हापुरातून व्हिएतनामला जाणं हे आता नवलाचं राहिलेलं नाही. त्यांच्याच गल्लीत तीन घरांत बांबूच्या टोपीतले फोटो लागलेत.

बत्तीस जणांच्या बॅगांत कपड्यांपेक्षा चटणी जास्त होती. कोल्हापूरकराला चटणी म्हणजे कांदा-लसणाचं लाल तिखट, आणि ते जवळ नसलं की त्याला परदेशात पासपोर्ट हरवल्यासारखं वाटतं. शेजारचे पार्श्वनाथ हे गुळाचे व्यापारी, पक्के जैन; त्यांनी तर आठ दिवसांच्या दशम्या आणि शेंगाचटणी घरूनच बांधून घेतली होती.

होई आन नावाच्या गावी नदीकाठच्या खाणावळीत सगळे जेवायला बसले. समोर आल्या वीतभर लांबीच्या उसाच्या कांड्या. कांडीच्या वरच्या टोकाभोवती वाटलेली कोळंबी लिंपून ती निखाऱ्यावर भाजलेली. बरोबर हिरव्या पाल्याचा ढीग, तांदळाचे कागदासारखे पातळ पापड, आणि वाटीत पाण्यासारखं काहीतरी, ज्यात मिरचीचे आणि लसणाचे बारीक तुकडे तरंगत होते. कोळंबी कांडीवरून सोडवायची, पाल्याबरोबर भिजवलेल्या पापडात गुंडाळायची, वाटीत बुडवायची आणि खायची. शेवटी ऊस चोखायचा.

मंडळींनी एकमेकांची तोंडं बघितली आणि चटणीच्या डब्या बाहेर काढल्या. गणपतराव तर कांडीवर अशी चटणी भुरभुरत होते, की वाढणारी मुलगी घाबरून बघत उभी राहिली. धोंडुबाईंनी मात्र डबी उघडली नाही. त्यांनी पापड बोटात धरून बघितला, "ही तर तांदळाची ओली सालपापडीच की," असं स्वतःशीच म्हणाल्या, आणि सांगितलं होतं तसं गुंडाळून, बुडवून खाल्लं. मग दुसरं खाल्लं. ताटली रिकामी झाल्यावर त्या मुलीकडं वळून माहेरच्या शुद्ध शाहूवाडीच्या बोलीत म्हणाल्या, "आणि एक दे की गं बाळ."

मुलीला काय कळलं कोण जाणे, पण तिनं दिलं.

पार्श्वनाथांना तिथलं काही खायचंच नव्हतं, त्यामुळं दुसऱ्यांची ताटं बघायला ते मोकळे होते. त्यांनी गणपतरावांना कोपरानं ढोसलं.

"गणपतराव, वैनींनी मागून घेतलं."

"मग? मिळालं न्हवं?"

"मिळालं. पन तुमी आदी कवा ऐकलंय काय त्यांनी मागितलेलं?"

हॉटेलवर परत जाताना बसमध्ये गणपतराव गप्प होते. एवढा वेळ ते गप्प बसलेले बघून दोघातिघांनी त्यांच्या तब्येतीची चौकशी केली. ते आठवत होते. रविवारच्या मटणातली नळी मुलाची, काळीज त्यांचं स्वतःचं, चांगले तुकडे आल्यागेल्याचे. आणि धोंडुबाईंचं? "मला काय बी चालतंय," असं त्या म्हणत आल्या होत्या, आणि गणपतराव ते खरं मानत आले होते. "आमच्या हिला कशाची म्हणून आवड न्हाई," हे चार लोकांत त्यांनी कौतुकानं सांगितलं होतं, एकदा नव्हे, शंभरदा. खिडकीतून बाहेर बघताना त्यांना त्याची लाज वाटली. आणि त्या लाजेतूनच एक हट्ट उभा राहिला. हे तीन शब्द आपल्या घरात, आपल्या स्वयंपाकघरात, आपल्या हातचं खाऊन तिनं म्हटलेले ऐकायचे. त्याशिवाय राहायचं नाही.

येताना त्यांनी त्या वाटीतल्या पाण्याचा मूळ माल, म्हणजे माशांना मिठात मुरवून काढलेला अर्क, एका लहान बाटलीत विकत घेतला आणि टॉवेलात गुंडाळून आणला. तो टॉवेल पुढं कोणीही वापरला नाही.

घरी कटात सामील झाली ती सून मोना. तिनं मोबाइलवर तांदळाच्या पापडांची दोन पाकिटं मागवली आणि कृतीचा व्हिडिओ शोधून दिला. तालमीची जागा ठरली गच्ची. कोल्हापुरात गडी माणूस स्वयंपाकघरात जात नाही, पण गच्चीवर तीन विटा मांडून पन्नास माणसांचं मटण करायला त्याला काही वाटत नाही. ती त्याची मर्दुमकी ठरते. धोंडुबाईंना सांगितलं, पाण्याच्या टाकीचा पाइप दुरुस्त करायचाय.

पहिल्या रविवारी पापड गरम पाण्यात ठेवले आणि त्यांचा चिकट लगदा झाला. दुसऱ्या रविवारी कळलं की पाणी साधंच हवं आणि पापड आत घालून लगेच काढायचा. मग ताटात तो आपोआप मऊ पडतो. पण कोळंबी कांडीवर धरेना. निखाऱ्यावर गेली की आकसायची आणि सुटून जाळात पडायची. तिथं मात्र गणपतरावांचा धंदा कामी आला. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न मापापेक्षा थोडा मोठाच करावा लागतो, हे त्यांनी पस्तीस वर्षं केलं होतं. त्यांनी कोळंबी जास्त बारीक वाटली, कांडीला चाकूनं खरवडून खाचा पाडल्या, थर जाड दिला आणि दोन्ही टोकांना अर्धं बोट जादा सोडलं. तिसऱ्या रविवारी कांडीला कोळंबी अशी बसली, की मोनाला ती दातानं ओढून काढावी लागली.

"मामा, झालं बघा," ती बोटं चाटत म्हणाली. "अगदी व्हिडिओतल्यासारखं."

"वाटीतलं कसं झालंय?"

"एक नंबर. पण बाटलीत आता दोनच बोटं राहिलंय."

"दोन बोटं पुरं. येत्या रविवारी तुझ्या आत्याला करून घालूया."

जिन्यानं खाली आले तर धोंडुबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "टाकीला लसूण घालताय काय?"

गणपतरावांनी पाइप फारच जुना झाल्याचं सांगितलं आणि सटकले.

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. पण गणपतरावांचं तोंड. बुधवारी तालमीच्या कट्ट्यावर आण्णा भेटले. आण्णा म्हणजे जुने पैलवान, वय बाहत्तर, मान अजून ओंडक्याएवढी, आणि रश्श्यातला पेठेतला शेवटचा शब्द. कोणाच्या रश्श्यात खोबरं जास्त झालंय हे त्यांना गल्लीच्या तोंडाशी वासावरून कळायचं. अशा माणसासमोर गणपतरावांच्या पोटात काही राहिलं असतं तरच नवल.

"आण्णा, रविवारी या घरला जेवायला. व्हिएतनामी कोळंबी करतोय. मी, सोता."

"कोण कोण हाय?"

खरं तर कोणीच नव्हतं. धोंडुबाईंसाठी करायचं होतं, घरातल्या घरात. पण कोल्हापुरात नवं काही शिजवायचं आणि कोणाला बोलवायचं नाही म्हणजे चोरून खाल्ल्यासारखं. "तुमी या की. आणि आपली ती कट्ट्यावरची तिघं बी घेऊन या," गणपतराव बोलून गेले.

रविवारी सकाळीच ते मासळी बाजारात पोचले. मासळीवाल्या बायडाबाईंची टोपली रत्नागिरीच्या मालानं भरलेली होती.

"कालवणाला पायजे का तळायला?" बायडाबाईंनी तराजू उचलत विचारलं.

"उसाला लावायला."

बायडाबाईंनी त्यांच्याकडं नीट बघून घेतलं. "पावणं, ऊन चढायच्या आत घरला जावा," त्या म्हणाल्या आणि दोन कोळंब्या जादा टाकल्या.

ऊस पार्श्वनाथांच्या मळ्यातून आला होता. कशासाठी पाहिजे ते त्यांनी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मग देता आला नसता. वर गुळाचा एक रवा, म्हणजे बारकी ढेपही दिली होती. त्याची परतफेड म्हणून गणपतरावांनी काकडी आणि पुदिना घातलेल्या बिनकोळंबीच्या गुंडाळ्या केल्या, शेंगदाणे वाटून गुळाची-चिंचेची वेगळी बुडवण केली, आणि दोन्ही स्वच्छ डब्यात भरून शेजारी पोचती केली. मग हात धुऊन मुख्य वाटीकडं वळले. बाटली उलटी करून शेवटचा थेंब खाली येईपर्यंत धरली. त्यात लिंबू, साखर, पाणी, लसूण, हिरवी मिरची. पातेलीत दीड तांब्या भरलं. चार पाहुण्यांना थोडं थोडं बुडवायला आणि उरलेलं धोंडुबाईंना, असा हिशोब त्यांनी मनाशी घातला. पॅटर्नमेकरचा हिशोब, त्यात चूक नव्हती. चूक माणसांच्या हिशोबात होती.

बारा वाजता वीस कांड्या भाजून परातीत रचल्या आणि गणपतराव परात घेऊन जिना उतरले. धोंडुबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी परातीकडं बघितलं, मग गणपतरावांच्या काजळी लागलेल्या कपाळाकडं बघितलं. पदराचं टोक तेवढं बोटाला गुंडाळत राहिल्या. गणपतरावांना त्या क्षणी इतकं बरं वाटलं, की पाहुणे आले नसते तर फार चांगलं झालं असतं असं त्यांच्या मनात येऊन गेलं. तोच बाहेर चपलांचा आवाज झाला.

"आत्या, तुम्ही बसा आधी," मोना म्हणाली. "हे सगळं तुमच्यासाठीच तर केलंय मामांनी."

"गडीमाणसं जेवू देत की आदी. पावणं हायत." धोंडुबाई सवयीनं बोलल्या आणि सवयीनंच आत वळल्या.

आता इथं गणपतरावांनी एक शब्द बोलायला हवा होता. जे तोंड तीस दिवस, चोवीस तास, गरज असो-नसो चालू असायचं, ते नेमकं त्या वेळी बंद राहिलं. त्यांनी पाट मांडले.

आण्णा आणि तिघं मंडळी मांडी घालून बसली. ताटात कांड्या, पापड, पाला, ताटाशेजारी वाटी. गणपतरावांनी प्रत्येकाची वाटी भरली आणि पापड भिजवायचं पाणी आणायला आत गेले. तेवढाच त्यांचा उशीर झाला. परत आले तर आण्णा वाटी दोन्ही हातांनी उचलून तिच्यात डोकावत होते.

"गणपा, ह्यो रस्सा तांबडा म्हनावा का पांढरा?"

"आण्णा, ते—"

आण्णांनी वाटी तोंडाला लावली आणि एका दमात भुरकून टाकली.

आण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. मासे, मीठ, लिंबू, साखर आणि कच्ची मिरची हे सगळं एकदम घशातून उतरताना त्यांची ओंडक्याएवढी मान दोनदा हलली. पण कोल्हापुरात रश्श्याची वाटी अर्धी ठेवणं म्हणजे आखाड्यातनं उठून जाणं. त्यांनी वाटी खाली ठेवली, मिशी पुसली.

"आंबूस हाय जरा," ते विचार करून म्हणाले. "पन झणका हाय. डोस्कं मोकळं झालं. वाढ."

आण्णांचा निकाल लागल्यावर बाकीच्या तिघांनीही आपापल्या वाट्या उचलून रिकाम्या केल्या. चार वाट्या गणपतरावांच्या पुढं आल्या.

आता पाहुण्याला, तेही बाहत्तर वर्षांच्या आण्णांना, आपल्या पंगतीत बसवून कसं सांगायचं की हे प्यायचं नव्हतं, बुडवायचं होतं? त्याला अडाणी ठरवल्यासारखं झालं असतं. आणि रस्सा मागितला तर नाही म्हणायची रीत या घरात नव्हती, या पेठेत नव्हती. गणपतरावांच्या बापानं एकदा रस्सा कमी पडतोय म्हटल्यावर त्यात उकळतं पाणी ओतून पंगत निभावली होती, पण 'संपला' हा शब्द तोंडातून काढला नव्हता. गणपतरावांच्या हातात पातेली होती. त्यांनी वाढलं. मग तिसऱ्यांदा वाढलं. आण्णांनी कांड्या चोखल्या, कोळंबी सुकीच खाल्ली, पापडाला "पापड वातड पडलेत" एवढं म्हटलं आणि पोटावरून हात फिरवला.

"रस्सा मातर इसरनार न्हाई, गणपा."

मंडळी पान खायला बाहेरच्या कट्ट्यावर जाऊन बसली. गणपतराव पातेली घेऊन आत आले. परातीत चार कांड्या उरल्या होत्या. मोनानं धोंडुबाईंचं ताट घेतलं, त्यात दोन कांड्या ठेवल्या, पापड ठेवला आणि वाटी घेऊन पातेलीत बघितलं. मग तिनं गणपतरावांकडं बघितलं. पातेलीच्या तळाला मिरचीचं एक बी चिकटलेलं होतं.

"मामा, सगळं?"

गणपतरावांनी मान हलवली. कोणी हिसकून नेलेलं नव्हतं. त्यांनी स्वतः, आपल्या हातानं, वाटी वाटीनं वाढून टाकलं होतं.

"असू दे," धोंडुबाई म्हणाल्या. "चटणी घेते की मी संगं."

हे 'असू दे' गणपतरावांनी हजार वेळा ऐकलं होतं. नळी संपली, असू दे. भाकरी गार झाली, असू दे. आज पहिल्यांदा ते त्यांच्या कानातून आत गेलं आणि छातीत जाऊन टोचलं. त्यांना बापाची ती पंगत आठवली आणि तिच्यानंतरच्या आपल्या पंगती आठवल्या. रस्सा कमी पडला की पातेल्यात उकळतं पाणी ओतलं जायचं, सगळे वाहवा करत उठायचे, आणि मग आतल्या बायका बसायच्या. चाळीस वर्षं धोंडुबाईंच्या वाट्याला आला तो पाणी घातलेला रस्सा. आवड कुठून कळणार? आवडायला आधी ती वस्तू ताटात पडावी लागते.

"बस," गणपतराव म्हणाले.

"अवो, भांडी पडलीत तशीच—"

"बस म्हनतोय न्हवं. मोना, पाट घे त्यांना."

धोंडुबाई बसल्या, पण पाहुण्याच्या घरी बसल्यासारख्या, कडेला. गणपतरावांनी रिकामी बाटली उचलून उजेडात धरली, हलवली, पुन्हा ठेवली. कोल्हापुरात रविवारी दुपारी माशाचा अर्क कुठून पैदा करणार?

"काय शोधताय?" धोंडुबाईंनी विचारलं.

"ते पानी. माशाचं. त्याबिगर चव न्हाई त्याला."

धोंडुबाईंनी बाटली मागून घेऊन हुंगली. मग म्हणाल्या, "फडताळात वरच्या अंगाला डबा हाय. जवळा हाय त्यात. घ्या जरासा, तव्यावर शेकवा."

गणपतराव वळले. जवळा म्हणजे वाळवलेली इवलीशी कोळंबी. ते डब्याकडं गेले, पण धोंडुबाईही उठायला लागल्या तशी त्यांनी हातानं थांबवलं. "तू सांग. मी करतो."

"जळू देऊ नगा. वास आला की काडा. आता गरम पान्यात टाका, झाका." धोंडुबाई बसल्या जागेवरून सांगत होत्या, आणि सांगता सांगता पाटाच्या कडेवरून मध्यावर सरकल्या होत्या. "गाळून घ्या. आता गूळ. साखर नगो, गूळच घाला."

गणपतरावांनी पार्श्वनाथांच्या रव्यातला गूळ किसून घातला, लिंबू पिळलं, लसूण ठेचला, मिरची चिरली. वाटी पुढं नेली. धोंडुबाईंनी करंगळी बुडवून चाखलं.

"लिंबू आणि जरा."

त्यांनी पिळलं.

"मीठ, चिमटीभर."

त्यांनी टाकलं. ही बाई आपल्याला हुकूम करतेय आणि आपण ऐकतोय, ह्यात एवढं सुख असेल हे गणपतरावांना ठाऊक नव्हतं. फौंड्रीतला साहेब "शाबास" म्हणायचा तेव्हाही असं वाटलं नव्हतं.

"तुला हे कुठनं ठावं?"

"माझी आई करायची." धोंडुबाईंनी भिजवलेला पापड हातात घेतला आणि त्यात कोळंबी, पुदिना ठेवून गुंडाळायला लागल्या. "भात कापायच्या आदी खाचरातलं पानी सोडत्यात न्हवं, तवा मोरीच्या तोंडाला आमी पोरी लुगडं धरून बसायचो. झिंगं घावायची, बारक्या कोळंबीवानी, पसापसा. आई ती शेकवून गूळ-लिंबवात कालवायची आनी तांदळाच्या वल्या पापडीसंगं द्यायची. तिकडं त्या नदीवर खाल्लं आनी मला वाटलं, आईच मागनं येऊन बसली काय."

गणपतराव हातातला चमचा तसाच धरून उभे होते. "चाळीस वर्सांत मला सांगितलं न्हाईस."

"तुमी इचारलंत कवा?" धोंडुबाई म्हणाल्या. त्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. पाऊस झाला का विचारावं तितकं साधं होतं ते. गणपतरावांनी वाटी त्यांच्या आणखी जवळ सरकवली.

धोंडुबाईंनी गुंडाळी वाटीत बुडवली आणि खाल्ली. डोळे मिटले नाहीत की काही नाही, नुसतं सावकाश चावून खाल्लं. मोना ओट्याला टेकून बघत होती. गणपतराव समोर उकिडवे बसले होते आणि धोंडुबाईंच्या तोंडाकडं असे बघत होते, की जणू भट्टीतून पहिलं ओतकाम बाहेर येतंय. दुसरी कांडी संपली. धोंडुबाईंनी ऊस चोखला, चोथा ताटाच्या कडेला ठेवला आणि बोटं चाटली. त्यांनी तोंड उघडलं.

आणि बाहेरून आण्णांचा आवाज आला. पैलवानाचा आवाज, भिंतीत अडत नाही.

"गणपा, रस्सा हाय काय रं आणि वाटीभर? पान खाऊन बी चव जाईना तोंडाची."

वाटी धोंडुबाईंच्या समोर होती, अजून निम्म्याहून जास्त भरलेली. त्यांचं उघडलेलं तोंड मिटलं. हात आपोआप वाटीकडं गेला, उचलून द्यायला. चाळीस वर्षांची सवय, ती विचारून थोडीच हलते. "द्या त्यांस्नी," त्या म्हणाल्या. "मला असू—"

"संपला," गणपतराव मोठ्यांदा म्हणाले.

मग आण्णांनी, आपल्याला नीट ऐकू आलं नसावं अशा सुरात विचारलं, "काय म्हनलास?"

"रस्सा संपला, आण्णा."

मोनानं हसू लपवायला पदर नव्हता म्हणून हात तोंडावर घेतला. धोंडुबाई गणपतरावांकडं बघत राहिल्या. सासऱ्यांच्या काळापासून या घराच्या दारात कोणी कधी न ऐकलेला शब्द होता तो, आणि शिवाय धडधडीत खोटा होता. उद्या पेठेत ही बातमी होणार हे गणपतरावांना कळत होतं. गणपाच्या घरात रस्सा कमी पडला म्हणून आण्णा महिनाभर कट्ट्यावर सांगणार. सांगू देत. ते जागचे हलले नाहीत.

धोंडुबाईंनी वाटीवरचा हात काढला नाही. द्यायला पुढं गेलेल्या त्याच हातानं त्यांनी वाटी हळूच आपल्याकडं ओढून घेतली, आणि दुसऱ्या हातानं रिकामं ताट नवऱ्यापुढं सरकवलं.

"आणि एक द्या," त्या म्हणाल्या.